ढिगावरचा म्हसोबा

गौण खनिज म्हणजे काय, हा प्रश्न मला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला असेल. मला बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या एका काकांनीही तो विचारला होता. मुलगी परभणीला सरकारी कचेरीत खनिजाच्या टेबलावर आहे, एवढंच त्यांच्या कानावर गेलेलं. ‘म्हणजे सोनं-बिनं निघतं का आपल्याकडं?’ मी म्हटलं, ‘नाही, मुरूम, दगड आणि वाळू.’ काकांनी पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. ते स्थळ पुढं सरकलं नाही, आणि त्याचा दोष मी आजतागायत मुरमालाच देत आले.

आमच्या टेबलाचं काम तसं साधं. कुणाला रस्त्यासाठी, तलावाच्या भिंतीसाठी मुरूम किंवा दगड हवा असला की तो परवाना मागायचा. परवाना ठरावीक मुदतीचा, आणि त्याच्या पाठीवर अटी छापलेल्या. मुदत संपली की वाढवून द्यायची की नाही हे ठरवण्याआधी, अटी पाळल्या गेल्या का ते जागेवर जाऊन बघायचं. बघायला मी जायचे, अहवाल मी लिहायचे आणि सही साहेब करायचे.

त्या अटींमधली एक मला फार आवडायची. शेतातून मुरूम काढायचा असेल तर वरची काळी माती आधी उकरून बाजूला रचून ठेवायची. काम संपलं की खड्डा दगडगोट्यांनी आणि टाकाऊ मुरमानं भरून सपाट करायचा, आणि मग ती काळी माती पुन्हा वर पसरून द्यायची. म्हणजे ज्याचं शेत होतं त्याला शेतच परत मिळावं. कागदावर ही अट सगळे पाळत. शिवारात मात्र खड्डे जसेच्या तसे राहत, पावसाळ्यात त्यांत म्हशी बसत, आणि म्हशींची काही तक्रार नसल्यामुळं मिसल बंद होई. मिसल म्हणजे फाईल. निजामाचं राज्य गेलं तरी त्याचे बरेच शब्द आमच्या कचेरीच्या कपाटांत राहून गेले होते.

ती अट मला का आवडायची, तेही सांगते. आमच्या घरात कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. आजोबांनी सगळा जन्म दुसऱ्यांच्या वावरात राबून काढला आणि म्हातारपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वडील गंगाखेडच्या बाजूला शाळामास्तर झाले. ज्याच्याकडं वावर नसतं त्याला मातीचं जरा जास्तच अप्रूप असतं, तसं मला होतं. जिंतूरकडच्या चढउताराच्या भागात काळी माती हातभर असते, काही ठिकाणी तेवढीही नाही. तेवढ्यावर एकेक घर चालतं. ती माती कुणी चाकाखाली वाया घालवलेली दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जायची. माझ्या या स्वभावाला कचेरीत बाईंचं माती-प्रकरण म्हणत, आणि ते मला ऐकू येईल अशाच बेतानं म्हणत.

जिंतूरच्या वाटेवरच्या एका गावची मिसल अशीच माझ्या टेबलावर आली. रस्त्याच्या कामासाठी एका ठेकेदारानं तिथल्या एका वावरातून मुरूम काढला होता. वावर एका बौद्ध कुटुंबाचं. नवरा परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा आणि शेत त्याची बायको बघायची. चढाची जमीन सपाट होऊन मिळेल, म्हणून त्यांनी संमती दिलेली. मुदत संपत आली तशी ठेकेदारानं दरखास्त दिली: मुदत वाढवून द्यावी, उरलेल्या तुकड्यातूनही मुरूम काढू द्यावा आणि माती परत पसरण्याची अट माफ करावी. कारण लिहिलं होतं की मातीच्या ढिगावर देवस्थान झालं आहे, ढीग हलवला तर गावकऱ्यांच्या भावना दुखावतील आणि गावात तणाव निर्माण होईल.

नामांतराची ती वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात घरं जळाली होती, माणसं गाव सोडून गेली होती आणि प्रश्न तसाच लोंबकळत पडला होता. ‘गावात तणाव’ हे दोन शब्द कुठल्याही मिसलीत दिसले की आमच्या साहेबांचं पेन हवेतच थांबायचं. साहेब माणूस वाईट नव्हते. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि उरलेला काळ कुठं दगड न पडता जावा एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी मला बोलावून सांगितलं, ‘जाऊन बघून या. पण अहवाल जरा सांभाळून लिहा. तुम्ही लिहिलंत म्हणजे...’

‘म्हणजे काय, साहेब?’

‘काही नाही. लोक म्हणतात, आपलं.’

लोक काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. बौद्धाच्या जमिनीवरचा देव हलवा, असं बौद्ध बाईनं लिहिलं, असं म्हणणार. मी बाहेर आले, आणि त्या दिवशी कचेरीतल्या दारांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा झाला असेल.

जागेवर गेले तर खरंच देव होता. वावराच्या कडेला काळ्या मातीचा मोठा ढीग, वर गवत उगवलेलं, आणि अगदी माथ्यावर शेंदूर फासलेला कलिंगडाएवढा दगड. पुढं नारळाच्या करवंट्या, वाळलेली फुलं. पलीकडं खड्डा, त्यात पिवळट मुरमाच्या भिंती. ठेकेदार मला आनंदानं म्हणाला, ‘म्हसोबा हाय म्याडम. जागृत हाय म्हनतेत. मजुरायला सांगून बगितलं, कोनी फावडं लावना. मी तरी काय करू?’ त्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव नव्हता, पण सोय झाल्याचा आनंद स्पष्ट दिसत होता.

जमीनवाली बाई बांधावर उभी होती. तिशी-पस्तिशीची, उंच, कपाळ मोकळं. मी विचारलं, ‘हा देव कधीपासून इथं?’

तिनं सांगितलेली हकीकत अशी. माती रचून ठेवली त्या वर्षी गावातली माणसं येऊन न्यायला लागली. पोळ्याला पोरांनी बैल करायला मूठ-दोन मूठ नेली, त्याला कोण नाही म्हणणार. मग कुणी परसात टाकायला टोपलं नेलं. मग गाड्या यायला लागल्या, दिवसाढवळ्या. ‘मी आडवी गेले तर म्हनायचे, ह्यो सरकारी ढीग हाय, तुजं काय नाव लिव्हलंय का त्याच्यावर? मी एकटी कुनाकुनाला आडवू? अन् एक दिस येऊन बगते तर वर ह्यो बसलेला. त्या दिसापासून ढेकूळ हाललं न्हाई बगा.’

म्हणजे देवानंच तिची माती राखली होती. आणि आता तोच देव ती माती वावरात जाऊ देत नव्हता. मला हसावं की रडावं कळेना. कुणातरी हुशार माणसानं ही युक्ती केली असणार हे उघड होतं. फक्त त्या माणसानं माती राखण्याचा विचार केला, ती पुन्हा उचलायची वेळ येईल हा विचार केला नाही. मी विचारलं, ‘कुणी बसवला?’

‘ठाव न्हाई,’ ती म्हणाली, आणि पदर उगाच सारखा केला.

शेजारच्या वावरात एक साठीची बाई खुरपं हातात धरून आमच्याकडं एकटक बघत होती. पाटलांच्या भावकीतली, गावात वजन असलेली. मी बघितलं तशी ती खाली बसून निंदायला लागली. उन्हाळ्यात रिकाम्या वावरात ती काय निंदत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

अट माफ झाली असती तर त्या बाईच्या हाती काय राहणार, याचा हिशेब सरळ होता. खड्डा राहणार. उरलेला तुकडाही मुरमासाठी जाणार, आणि तिचं वावर संपणार. मी अहवालात लिहिलं की माती जागेवर आहे, पुरेशी आहे, अट पाळता येण्यासारखी आहे, म्हणून मुदतवाढ देऊ नये. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि दोन्ही बाजूंना सुनावणीला बोलावलं.

सुनावणीला नवरा-बायको धुतलेल्या कपड्यांत आले. ठेकेदार नेहमीच्याच कपड्यांत आला, कारण तो आठवड्यातून एकदा तरी येतच असे. साहेबांनी त्या दिवशी खरोखर चांगला प्रश्न विचारला. ते बाईला म्हणाले, ‘हे बघा, हा देव कुणी बसवला ते सांगा. कळलं तर त्याच माणसाला बोलावून सन्मानानं दुसरीकडं न्यायला सांगू. माती पसरून घेऊ. प्रश्न मिटला. सांगा, कुणी बसवला?’

खोलीत पंखा फिरत होता. नवऱ्यानं बायकोकडं बघितलं, हलकेच कोपरानं ढोसलंसुद्धा. तिनं फरशीकडं बघितलं.

‘ठाव न्हाई, साहेब.’

ठेकेदारानं खुर्चीत पाय लांब केले. साहेबांनी ठरवलं की पेरणीच्या आधी जागेची पुन्हा एकदा पाहणी करायची. तोवर ठेकेदारानं खड्डा भरून घ्यावा. ढीग तोवर हलला तर अट कायम, नाही हलला तर अट माफ. मी ते लिहून घेतलं. पेन कागदात जरा जास्तच रुतलं.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. ‘तुम्हाला माहीत आहे,’ मी म्हटलं.

‘हाय की.’

‘मग सांगितलं का नाही? एक नाव घ्यायचं होतं. तुमचं वावर वाचत होतं!’

‘नाव घेतलं की तिला गाव सोडील का, बाई? जयभीमवालीच्या मातीसाठी देवाचं सोंग केलं म्हनतील. तिच्या दारात कोनी पानी प्यायला जानार न्हाई.’ मग ती कठड्याला टेकली. ‘नामांतराच्या दंगलीत आमी सगळं टाकून इकडं परभनीला आलो व्हतो. मपल्या शेळ्या तिनं तिच्या गोठ्यात नेऊन बांधल्या. परत गेलो तर शेळ्या हायतीच, वर करडं बी दावनीला. कोनाला बोलली न्हाई, मला बी न्हाई. तिचं नाव मी कसं घेऊ?’

‘आणि वावर गेलं तर?’

‘गेलं तर मोंढ्यात वझं उचलू. आजपस्तर काय वेगळं केलं आमी?’

मला तिचा भयंकर राग आला. इतका की मी तिला चहा विचारायचंही विसरले. ती दोघं जिन्यावरून खाली गेली आणि मी वर उभी राहून स्वतःशीच तिला बोलत राहिले, की इतकं चांगलं असू नये माणसानं, निदान पेरणीच्या आधी तरी असू नये.

दुसऱ्या पाहणीला मी एसटीनं गेले. मृग तोंडावर आला होता. ऊन असं की फाट्यावरून चालत गेले तोवर डोक्यावरचा पदर तव्यासारखा तापला. वावरात पोचले तर ठेकेदारानं खड्डा भरून सपाट केला होता. ट्रॅक्टर उभा होता, मजूर लिंबाखाली सावलीत बसलेले, गावातली चार रिकामी माणसंही तिथंच बसली होती. ठेकेदार म्हणाला, ‘माजं काम मी केलं म्याडम. राहिली माती. मजूर म्हनतेत आमच्या लेकराबाळायचं काय? त्यायला मी बळजबरी करू का?’ खरं सांगायचं तर त्याचं तेवढं बोलणं खोटं नव्हतं.

ढिगापाशी जमीनवाली बाई एकटी काम करत होती. खालच्या अंगानं माती टोपल्यात भरायची, डोक्यावर घेऊन जायची, वावरात पसरायची. मधला भाग, ज्याच्यावर दगड होता, तो तिनं सोडून दिला होता. एकटीच्या टोपल्यानं तो ढीग पेरणीपर्यंत हलणं शक्य नव्हतं, हे तिलाही दिसत असणार. आणि कडेकडेची माती काढत गेलं तर मधली दरड देवासकट एक दिवस खाली येणार हेही दिसत असणार. मग सगळा दोष तिच्याच माथी आला असता. मी हाक मारली, तर ती नुसती हसली आणि पुन्हा टोपलं भरायला लागली.

मला तहान लागली होती. शेजारच्या वावरातल्या विहिरीवर तीच साठीची बाई उभी होती. ‘तुमी कचेरीतल्या नव्हं? या, पानी प्या,’ ती म्हणाली आणि तांब्या भरून पुढं केला. मी घेतला तोच तिनं विचारलं, ‘कोन्या गावच्या?’

‘गंगाखेडच्या बाजूची.’

‘कोनाच्या?’

हा दुसरा प्रश्न मला पाठ होता. एरवी मी ‘मास्तरांची’ म्हणून वेळ मारून नेते. त्या दिवशी उन्हानं डोकं फिरलं होतं, आणि ढिगापाशी एकटी वाकलेली ती बाई समोर दिसत होती. मी तिच्याकडं बोट केलं. ‘ती ज्या घरची, त्याच घरची मी.’

शेजारणीनं माझ्या हातातल्या तांब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. ‘मंग प्या की. थांबल्या कामून?’

मी प्यायले. ती काठावर टेकली आणि सहज विचारल्यासारखं करून म्हणाली, ‘कचेरीत काय झालं म्हनं? तिला इचारलं का, देव कोनी बसवला म्हून?’

‘विचारलं. साहेब म्हणाले, नाव सांगा, वावर वाचेल.’

‘मंग?’

‘माहीत नाही म्हणाली.’

‘मजं नाव न्हाई घेतलं?’

असं मला कळलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग ती आपणहून बोलायला लागली. वढ्यातून धोंडा आणला, शेंदूर घरचाच होता. पहाटे जाऊन वर ठेवून आली. माणसं माती न्यायची आणि ती पोर नुसती बघत उभी राहायची, ते तिच्याच्यानं बघवेना. ‘बसवला तवा धोंडाच व्हता, बाई. मला काय ठाव लोक नारळ फोडतील म्हून? मंग मपल्या नातवाचा ताप उतरना, तवा मी बी जाऊन नारळ फोडला. उतरला ताप. आता त्याला धोंडा कसा म्हनू? उचलायला गेले अन् कोप झाला तर?’

माझ्या घरात देवच नाहीत. पण तोंडातून निघून गेलं, ‘तुम्ही आणलात ना त्याला? मग तुमचं ऐकेल की तो.’ देव न मानणाऱ्या बाईनं देवाच्या स्वभावाविषयी दिलेला तो सल्ला ऐकून मलाच कसंतरी झालं. शेजारीण मात्र त्यावर गंभीरपणे विचार करत होती. मग तिनं पदर खोचला आणि उठली.

ती ढिगाकडं निघाली तशी लिंबाखालची माणसं सावध झाली. एकजण ओरडला, ‘काकू, काय करायल्या?’

‘दिसना का तुला? मीच आनला व्हता ह्याला, मीच न्यायले.’

‘तुमी आनला?’

‘मंग काय आपल्या पायानं चालत आला व्हता? गाड्या भरभरून माती न्यायचे तुमी, लाज कशी वाटत नव्हती? म्हून आनला.’

‘अन् कोप झाला म्हंजी?’

‘झाला तर मपल्यावर हुईल. तुमी बसा सावलीला.’

ती वर चढली. गुडघे टेकले, हात जोडले आणि दगडाशी बोलली, अगदी घरातल्या रुसलेल्या माणसाशी बोलावं तसं. ‘राखन केली, लय झालं. आता मपल्या बांधावर चल. तिथं बी सावली हाय.’ मग तिनं दोन्ही हातांनी दगड हलवला. शेंदराची पुटं चढून तो फुगला होता. जवळच जमीनवालीचं रिकामं टोपलं पडलं होतं. तिनं दगड त्यात उतरवला आणि डोक्यावर चुंबळ ठेवली.

भरलेलं टोपलं एकट्या माणसाला डोक्यावर घेता येत नाही. आमच्याकडं वावरात काम केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. समोरून कुणीतरी धरून उचलू लागावं लागतं, आणि हाक मारली की जवळ असेल तो येतो, वैरी असला तरी येतो. शेजारणीनं लिंबाकडं बघून हाक मारली, ‘या रे कोनी, उचलू लागा.’ कुणी उठलं नाही. एकानं बिडी काढली, एकजण ट्रॅक्टरचं चाक बघायला लागला. तिनं पुन्हा हाक मारली. तरी कुणी हललं नाही.

मग ती वळली. ‘पोरी, ये. उचलू लाग.’

जमीनवाली बाई जागच्या जागी उभी राहिली. तिच्या आईनं माहेरच्या गावातल्या कुठल्याही देवाचं दर्शन रस्त्यावरूनच घेतलेलं. सासरच्यांनी दीक्षा घेतल्यावर देवाला हात जोडायचेच नाहीत असं ठरवलेलं. दोन्हीकडून तिला त्या दगडापासून लांबच राहायला सांगितलं होतं. लिंबाखालची माणसं बघत होती. मी तिथं सरकारी कामावर आले आहे हे साफ विसरून गेले.

‘मामी, मी?’ ती म्हणाली.

‘तुज्याच टोपल्यात हाय नव्हं? का टोपलं बी मीच इकत आनू?’

ती गेली. खाली वाकून तिनं टोपल्याची एक कड धरली, दुसरी शेजारणीनं. दोघींनी दम धरून ते उचललं, आणि देव शेजारणीच्या डोक्यावर बसला. दोघी बांधाकडं चालायला लागल्या, एकीच्या डोक्यावर टोपलं, दुसरी एका हातानं ते सावरत. मी मागं होते. अर्ध्या वाटेत जमीनवालीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती.

‘मामी, हा धोंडा कोन्या वढ्यातून आनला व्हता तुमी?’

‘ह्याच की, खालच्या.’

‘दीक्षेच्या टायमाला आमच्या सासऱ्यानं घरचे सगळे देव त्याच वढ्यात सोडले व्हते. त्यातलाच न्हाई ना हा?’

शेजारीण जागीच थांबली. ‘गप! हासवू नको मला, पडंल ना त्यो!’ पण तीही हसायला लागली होती, आणि टोपलं तिच्या डोक्यावर डुगडुगत होतं. जमीनवालीनं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी तर इतकी हसले की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

आम्ही परत आलो तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं बिडी विझवली आणि इंजिन चालू केलं. ठेकेदारानं माझ्याकडं बघून खांदे उडवले, आणि हातात कागद घेऊन सावलीला जाऊन बसला. संध्याकाळच्या आत मधल्या मातीला पहिलं फावडं लागलं होतं. मुदतवाढ मिळाली नाही. साहेबांनी सही केली आणि एवढंच म्हणाले, ‘दगड पडला नाही ना कुठं?’ मी म्हटलं, ‘पडता पडता राहिला.’

शेजारणीला त्याची किंमत पडली. त्या वर्षी गावातल्या दोन लग्नांचं आवतण तिच्या घरी आलं नाही, आणि पाणवठ्यावर बायका तिच्याकडं पाठ करून बोलायच्या. हे मला जमीनवालीनं सांगितलं, पोळ्याच्या सुमाराला शेवटच्या पाहणीला गेले तेव्हा. वावरात मूग उभा होता. खालच्या अंगाला दाट, वरच्या अंगाला पातळ. तिथं मातीचा थर कमी पडला होता आणि मुरूम डोकावत होता. मी वाकून मूठभर माती घेतली, दाबून बघितली. मुगाच्या शेंगा काळ्या पडायला लागल्या होत्या. त्या जागी मी पहिल्यांदा खड्डा बघितला होता, हे आठवून मला फार बरं वाटलं.

पंचनाम्यात मी लिहायला घेतलं, जमीन पूर्ववत करून दिली. तिला वाचून दाखवलं, कारण सही तिची लागणार होती.

‘पूर्ववत म्हंजी?’

‘म्हणजे पहिल्यासारखी.’

तिनं वावरावरून नजर फिरवली. ‘पहिल्यासारखी न्हाई झाली, बाई. वरल्या अंगाला लय दिस गाळ टाकावा लागंल.’

‘मग तसं लिहू? ठेकेदाराला पुन्हा बोलावता येईल.’

बांधावरून हाक आली. शेजारीण बाभळीच्या सावलीत फडकं सोडून बसली होती, शेंदराच्या दगडाला टेकून. ‘पोरी, ये की! भाकर निवायली.’

‘आले, मामी!’ ती ओरडली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘पहिल्यासारखी बी नको अन् ठेकेदार बी नको, बाई. जशी हाय तशी लिव्हा.’

मी लिहिलं, जमीन पेरणीयोग्य आहे. तिनं सावकाश सही केली आणि बांधाकडं निघाली. तिथं पोचल्यावर दगडाकडं पाठ करून ती बसली, आणि मामीच्या फडक्यातली भाकर मोडून घेतली.